मासिकातल्या चित्रांचं कोलाज: आधी कागद ओळखा

रद्दीत जाणारं एखादं मासिक उघडा. पानाच्या कोपऱ्यावर ओलं बोट पंधरावीस वेळा गोल फिरवा आणि मग बोटाकडे बघा. पांढरट, गुळगुळीत लगदा लागला असेल तर तो आर्ट पेपर. कागदाच्या बारीक गोळ्या निघाल्या तर मॅपलिथो (पुस्तकं छापायचा साधा पांढरा कागद) किंवा न्यूजप्रिंट. आणि बोट नुसतंच घसरत राहिलं, पाण्याचे थेंब तसेच उभे राहिले, तर वर लॅमिनेशन आहे किंवा जाड वार्निश. कोलाज करताना पुढे जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं ही चाचणी न केल्यामुळे बिघडतं.

कारण साधं आहे. आर्ट पेपरवर चिनी माती आणि खडूच्या भुकटीचा पातळ थर दिलेला असतो आणि शाई त्या थरावर बसलेली असते, कागदाच्या तंतूंत फारशी उतरलेली नसते. म्हणून ती घासता येते, तडकवता येते, सोलून दुसरीकडे नेता येते. पावसात भिजलेलं गुळगुळीत मासिक वाळलं की विटेसारखं घट्ट होतं, तेही याच थरामुळे. मॅपलिथोवर असा थर नसतो. शाई तंतूंत मुरते, घासायला गेलं की चित्राबरोबर कागदही जातो. लॅमिनेशनवर तर प्लॅस्टिकची फिल्मच असते, तिच्याखालच्या शाईपर्यंत ना पाणी पोचतं ना पॉलिश पेपर. दिवाळी अंक या दृष्टीने सोयीचा: मुखपृष्ठ बहुधा लॅमिनेटेड, रंगीत जाहिरातींची पानं आर्ट पेपरची, आतला मजकूर मॅपलिथोवर. शिकायला एकाच अंकात तिन्ही कागद मिळतात.

नुसती चित्रं कापून चिकटवणं म्हणजे शाळेतलं चिकटकाम, आणि त्यात वाईट काही नाही. पण इथे ज्या कोलाजबद्दल लिहिलं आहे त्यात छापील चित्र आधी बदलायचं असतं: घासून, चुरगळून, पुसून, वर रंगवून. मग त्यात दोरा, कापड, तिकिटं, रंग असं इतर साहित्य येतं. आपल्याकडे याची ओढ जुनी आहे. राजा रविवर्मा यांच्या, मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या छापखान्यातून निघालेल्या देवदेवतांच्या तसबिरींवर लोक घरोघरी जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवून लक्ष्मी-सरस्वतीला खरीखुरी साडी नेसवत. चित्रकार भूपेन खक्कर यांनी १९६५ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या आपल्या प्रदर्शनात अशाच बाजारू देवचित्रांचे तुकडे वापरून कोलाज मांडले होते. तेव्हा छापील चित्राला हात लावायला बिचकू नका.

काय लागेल आणि कुठे मिळेल

पहिल्या कामासाठी १२ × ९ इंचांचा आकार घ्या. त्याहून लहान आकारात मासिकातले चेहरे मावत नाहीत आणि मोठ्या आकारात पहिल्या दिवशी फुगे आवरत नाहीत.

पाया म्हणून २ मिलिमीटरचा पांढरा माउंट बोर्ड किंवा ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद. ३ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) सगळ्यांत भरवशाचा, तो सहसा वाकत नाही. पण त्याला दोन्ही बाजूंनी रंगाचा एकेक हात द्यावाच लागतो, नाहीतर कडांतून ओल पितो आणि फुगतो. राखाडी पुठ्ठा टाळा. स्वस्त आहे, पण काही वर्षांत त्यातलं आम्ल वरच्या कागदाला पिवळं करतं.

बाकी सामान: पांढरा फेविकॉल २०० ग्रॅम, अॅक्रिलिक मीडियम १०० मिली (रंगात मिसळायचा पांढरा द्रव, वाळल्यावर पारदर्शक होतो; मॅट घ्या, चकचकीत नको), जेसोची (रंगाआधी पायावर द्यायच्या पांढऱ्या अस्तराची) छोटी बाटली, पांढरा, काळा आणि एक मातकट तपकिरी असे तीन अॅक्रिलिक रंग, १ इंची चपटा ब्रश दोन, एक बारीक कात्री, एक कटर आणि त्याची जास्तीची पाती, ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यातही चालणारा बारीक पॉलिश पेपर) एक ताव, दोन इंची पारदर्शक पॅकिंग टेप, मास्किंग टेप, बटर पेपर, एक जुनं एटीएम कार्ड. रबरी रोलर असला तर उत्तम, नसला तर कार्डावर भागतं.

वॉटर पेपर हार्डवेअरच्या दुकानात मागा, स्टेशनरीच्या नव्हे. कागद, पुठ्ठे, टेप यांच्यासाठी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट पुरते. मासिकांसाठी आधी नाक्यावरचा रद्दीवाला गाठा: किलोच्या भावात घेताना गठ्ठा उलटापालटा करू देतो का, एवढंच विचारायचं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फोर्टात हुतात्मा चौकाच्या आसपास जुनी पुस्तकं-मासिकं मिळतात. जुन्या छपाईचे नमुने हवे असतील तर चोर बाजारात मटण स्ट्रीटला चक्कर मारा. तिथे मात्र घासाघीस आलीच, आणि दुर्मीळ म्हणून सांगितलेलं मासिक कापायला विकत घेऊ नका. जुना गठ्ठा घरी आणलात की आधी उन्हात दोन तास पसरा आणि पानं झटका. कसर लागलेला एक अंक बाकी कपाटभर पाहुणे सोडतो.

चित्रं निवडणं

सरावासाठी एक रचना ठरवून घेऊ. साडीच्या जाहिरातीतली एक बाई, तिच्या पदराच्या जागी लोकलचं वेळापत्रक, मागे पावसाळी आभाळ. पाच-सहा तुकड्यांचं काम आहे, पण त्यासाठी पंचवीस-तीस पानं फाडून बाजूला ठेवा. निवडीला वाव नसला की रचना गचाळ होते.

पान उचलताना तीन गोष्टी बघा. पहिली, उजेड कुठून येतोय. बाईच्या नाकाची सावली उजवीकडे पडत असेल आणि आभाळातला उजेडही उजवीकडूनच असेल, तर डोळ्याला काहीतरी खटकत राहतं आणि काय खटकतंय ते सांगता येत नाही. दुसरी, छपाईचे ठिपके. रंगीत छपाई निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या ठिपक्यांची असते. मासिकात ते इतके बारीक असतात की दिसत नाहीत, वर्तमानपत्राच्या पुरवणीत मात्र दिसतात. दोन्ही शेजारी ठेवले की फरक ओरडून सांगतो. हवा असेल तर ठेवा, नकळत होऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात: पान उलटून मागची बाजू बघणं. पातळ कागद गोंदाने भिजला की अर्धपारदर्शक होतो आणि मागचं छापील अक्षर बाईच्या गालावर उमटतं. मागून पांढरा रंग फासून हे जात नाही, कारण शाई रंगाच्या आणि कागदाच्या मधेच राहते. उपाय दोन. मागची बाजू ४०० च्या वॉटर पेपरने कोरडीच हलकी घासून शाई काढा (फक्त आर्ट पेपरवर), किंवा मागून काळ्या अॅक्रिलिकचा पातळ हात द्या. चित्र किंचित गडद होतं, पण अक्षरं पार्श्वभूमीत विरून जातात. सगळ्यांत सोपं म्हणजे मागे एकसारखा फिका रंग असलेलं पान निवडणं.

कातरकाम

पान आधी मोठं, ओबडधोबड कापून घ्या आणि मग बारीक कडेला लागा. आतल्या मोकळ्या जागा (कंबर आणि कोपर यांच्यामधला त्रिकोण, बांगडीच्या आतलं वर्तुळ) कटरने आधी काढा, बाहेरची कड शेवटी. उलट केलं तर धरायला कागदच उरत नाही आणि हात लचकला की बोटं तुटतात, म्हणजे बाईची. वळणावर कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायचा. कटरचं पातं पंधरा-वीस मिनिटांच्या बारीक कामानंतर मोडून पुढचं काढा. बोथट पातं आर्ट पेपरचा थर ओरबाडतं आणि कड केसाळ दिसते.

कापलेल्या कडेला कागदाची पांढरी जाडी दिसते. गडद चित्रावर ती पांढऱ्या दोऱ्यासारखी उठून दिसते आणि सगळा डाव उघडा पाडते. चिकटवण्याआधी तुकडा उलटा धरून कडेवर जवळच्या रंगाची पेन्सिल किंवा ब्रश पेन फिरवा. दोन मिनिटांचं काम, पण याने हौशी काम आणि नेटकं काम यांत फरक पडतो.

फाडलेली कड हवी असेल तर दिशा लक्षात ठेवा. चित्र वर ठेवून जो भाग तुम्ही स्वतःकडे वर ओढता, त्याचा रंग कडेपर्यंत टिकतो. जो खाली राहतो त्याला पांढरी किनार सुटते. आभाळासाठी पांढरी किनार छान, ढगाच्या काठासारखी दिसते.

चित्र बदलण्याच्या चार रीती

*घासणं.* तुकडा आधी पायावर किंवा साध्या कागदावर चिकटवून पूर्ण वाळू द्या, मगच घासा. सुटा कागद घासला की फाटतो. ४०० नंबरचा तुकडा बोटाएवढा कापा, कोरडाच वापरा, एकाच दिशेने हलक्या हाताने चार-पाच वेळा. शाई जाते आणि खालचा पांढरा थर दिसतो. पाचव्या-सहाव्या फटक्यानंतर थांबून बघा, कारण थर संपून तंतू वर आले की तिथे रंगही नीट बसत नाही. २२० नंबर वापरू नका, तो खोल ओरखडे काढतो. आपल्या चित्रात बाईचा अर्धा चेहरा असा घासला की पावसाच्या काचेतून दिसल्यासारखा होतो. डोळा शाबूत ठेवा. डोळा गेला की माणूस जातो आणि नुसता डाग उरतो.

*चुरगळणं.* आर्ट पेपरचा तुकडा घट्ट मुठीत चुरगळा, उलगडा, पुन्हा चुरगळा. असं चार वेळा. घडीच्या प्रत्येक रेषेवर मातीचा थर तडकतो. आता तपकिरी अॅक्रिलिक पाण्यात पातळ करा (एक भाग रंग, सहा भाग पाणी), ब्रशने फासा आणि मिनिटभरात ओल्या फडक्याने पुसा. रंग फक्त भेगांत राहतो. जुन्या तसबिरीचा भास होतो. मॅपलिथोवर हे करायला जाल तर सगळा कागदच चहात पडल्यासारखा होईल, कारण भेगा पडायला थरच नाही.

*पुसणं.* कानात घालायच्या कापसाच्या काडीला अॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर लावून चित्राच्या कडेला घासून बघा. काही मासिकांची शाई विरघळून पसरते, काहींची ढिम्म हलत नाही. छपाईची पद्धत, शाई आणि वार्निश यांवर ते अवलंबून. म्हणून आधी कोपऱ्यावर चाचणी. अॅसिटोन चटकन पेट घेतं: खिडकी उघडी, गॅस आणि देवघरातली समई विझलेली, आणि बाटलीचं झाकण लगेच बंद.

*शाई उचलून नेणं.* यात सगळ्यांत जास्त मजा आहे आणि सगळ्यांत जास्त घोटाळेही. दोन प्रकार आहेत.

टेपचा प्रकार सोपा. चित्राच्या तोंडावर पॅकिंग टेप बुडबुडा न येता चिकटवा, चमच्याच्या पाठीने तीन-चार मिनिटं सगळीकडे दाबून घासा, मग कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा. मागचा कागद अंगठ्याने गोल घासला की लगदा होऊन निघतो आणि टेपवर पारदर्शक चित्र उरतं. टेपच्या बाजूने बघितलं की चित्र सरळ दिसतं, उलटं नाही. पांढुरका थर राहिला असेल तर पुन्हा भिजवून घासा. वाळल्यावर टेपचा गोंद थोडा परत जागा होतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका, मागून मीडियम लावूनच चिकटवा. पावसाळी आभाळाच्या मागे वेळापत्रकाचे आकडे दिसायला हवेत, तर आभाळ असं टेपवर घ्या.

मीडियमचा प्रकार जरा संयमाचा. पायावर अॅक्रिलिक मीडियमचा जाडसर, एकसारखा थर द्या (साधारण जाड पुठ्ठ्याच्या निम्म्याइतका), चित्र पालथं ठेवा, कार्डाने मधून बाहेर दाबत हवा काढा. २४ तास वाळू द्या, जुलै-ऑगस्टमध्ये ४८. मग मागची बाजू ओल्या स्पंजने भिजवा, दोन मिनिटं थांबा आणि बोटाच्या पेराने हळूहळू कागद लगद्यासारखा काढा. एका दमात संपवू नका. वाळू द्या, पांढुरका दिसणारा भाग पुन्हा भिजवा, अशा तीन-चार फेऱ्या होतात. शेवटी मीडियमचा पातळ हात दिला की उरलेला धुरकटपणा बराच जातो. चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, त्यामुळे अक्षरं असलेला भाग यासाठी नको, आणि साडीचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जाईल हेही आधी ध्यानात घ्या.

इथे फेविकॉल वापरायचा मोह होतो. वापरू नका. पांढरा फेविकॉल वाळल्यावरही पाण्याने मऊ होतो. कागद काढायला भिजवलात की चित्रही सुटून येतं. अॅक्रिलिक एकदा पूर्ण वाळलं की पाण्याने विरघळत नाही, म्हणून ते हवं. मासिकाचं चित्र नीट उतरेना, तर त्याची लेझर झेरॉक्स काढून ती वापरा. टोनर सुरेख उतरतो. इंकजेट प्रिंट मात्र पाणी लागताच पसरते.

चिकटवणं

बहुतेक कोलाज इथे मरतात. कारण कागद ओला झाला की वाढतो, आणि वाळला की आखडतो. आधी चिकटवून मग तो वाढला, तर वाढलेल्या कागदाला जायला जागा नसते आणि सुरकुत्या पडतात. तेव्हा त्याला वाढून घ्यायला आधीच वेळ द्यायचा.

चार भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी एकजीव करा. पातळ पतंगी कागद किंवा टिश्यू असेल तर निम्मं-निम्मं. तुकडा बटर पेपरवर पालथा घालून मागे गोंदाचा पातळ, सलग हात द्या, कडा चुकवू नका. आता अर्धा ते एक मिनिट थांबा. कागद आधी वळेल, मग सैल पडून सपाट होईल. तो सपाट होण्याचा क्षण म्हणजे चिकटवायची वेळ. दरम्यान पायावरही गोंदाचा अगदी पातळ हात द्या. तुकडा मधून टेकवा, वर बटर पेपर ठेवा आणि कार्ड किंवा रोलर मधून बाहेरच्या दिशेने फिरवा. उघड्या चित्रावर कार्ड घासू नका. ओल्या आर्ट पेपरचा थर पटकन निघतो.

फुगा राहिलाच तर तो ओला असतानाच सुईने टोचून हवा बाहेर दाबा. वाळल्यावर सापडला तर कटरने बारीक चीर पाडा, ब्रशच्या टोकाने मीडियम आत सारा आणि दाबून ठेवा.

खालून वर, मोठ्याकडून लहानाकडे: आधी आभाळ, मग बाई, मग पदर, शेवटी चेहऱ्यावरचे बारीक तुकडे. चिकटवण्याआधी संपूर्ण रचना कोरडी मांडून फोनवर फोटो काढून ठेवा. गोंद लावताना तुकडे सरकतात आणि मघाशी जे जमलं होतं ते नेमकं काय होतं हे आठवत नाही. प्रत्येक थरानंतर पंख्याखाली निदान अर्धा तास जाऊ द्या.

सगळं चिकटवून झालं की बोर्ड चिकटवलेल्या बाजूने खोलगट होतो, कारण वरचा कागद वाळताना आखडतो आणि बोर्डाला ओढतो. इलाज म्हणजे बोर्डाच्या मागेही तेवढ्याच वजनाचा कोणताही कागद त्याच दिवशी चिकटवणं. दोन्हीकडून ओढ सारखी बसते. मग बटर पेपरच्या दोन तावांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं, रात्रभर.

मैद्याची खळ वापरली तर? चित्र सुंदर बसतं, सुरकुत्या कमी पडतात. पण मुंबईच्या दमट हवेत खळीला बुरशी येते आणि झुरळं, कसर यांना ती आवडते. बांधणीवाले पूर्वी त्यात मोरचूद घालत, पण तो विषारी आहे, घरात नको.

वर रंग, दोरा, तिकीट

गुळगुळीत आर्ट पेपरवर अॅक्रिलिक थेट लावला तर थेंब थेंब होऊन मागे सरतो, किंवा वाळल्यावर नखाने सोलून निघतो. आधी मॅट मीडियमचा एक पातळ हात द्या, तो वाळला की रंग नीट धरतो. रेघा मारायच्या असतील तर बॉलपेन चालत नाही. काचेवर लिहायची तेलकट पेन्सिल किंवा पांढरं जेल पेन वापरा.

पोस्टर कलर आणि जलरंग यांपासून सावध. ते वाळलेले दिसतात, पण वरून फेविकॉलचा किंवा मीडियमचा हात फिरला की पुन्हा विरघळतात आणि बाईचं कुंकू हनुवटीपर्यंत वाहतं. पतंगाच्या कागदाचंही तेच: गुलाबी आणि जांभळा सगळ्यांत जास्त सुटतो. हा दोष मुद्दाम वापरताही येतो. ओल्या पांढऱ्या कागदावर पतंगाचा कागद दाबून उचलला की छान डागाळ आभाळ मिळतं. फक्त ते वाळल्यावर मीडियमने नव्हे, स्प्रे वार्निशने हलकं बांधून घ्यायचं.

पदरासाठी लोकलचं खरं वेळापत्रक चिकटवू नका, त्याचा स्वस्त कागद लवकर पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. लेझर झेरॉक्स काढा, आकडे हव्या त्या आकाराला मोठे करता येतात ते वेगळंच. पदराच्या चुण्या हव्या असतील तर झेरॉक्सला हातपंख्यासारख्या घड्या घालून मग कापा, आणि घड्यांच्या खोलगट बाजूला काळा रंग पाण्यात पातळ करून सावली भरा. तिकिटांचं तेच. मशीनमधून निघणारी तिकिटं आणि बिलं थर्मल कागदाची असतात: उष्णता किंवा अल्कोहोल लागलं की काळी पडतात, नाहीतर काही महिन्यांत छपाई उडून कोरी होतात. त्यांचीही झेरॉक्सच.

जर, सुती दोरा, लेस फेविकॉलने धरतात. टिकल्या आणि बांगड्यांच्या काचा घट्ट, पाणी न घातलेल्या फेविकॉलने किंवा जाड जेल मीडियमने. दोरा शिवायचा असेल तर माउंट बोर्डवर आधी सुईने भोकं पाडून घ्या, सरळ टाके घातलेत तर बोर्ड चुरगळतो. जड वस्तू शक्यतो खालच्या अर्ध्यात ठेवा. एक सल्ला, तो मानायलाच हवा असं नाही: पहिल्या तीन कामांत चित्राव्यतिरिक्त एकच साहित्य वापरा. दोरा असेल तर दोराच. जर, टिकल्या, रांगोळी, लेस सगळं एकदम आलं की ते लग्नपत्रिकेसारखं दिसू लागतं.

शेवटचा हात आणि पुढची काळजी

अॅक्रिलिक मॅट वार्निशचे दोन पातळ हात, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये दोन-तीन तासांचं अंतर. स्प्रे वापरत असाल तर धो-धो पावसाच्या दिवशी नको. हवेतली वाफ थरात अडकते आणि वार्निश धुरकट, दुधाळ दिसतं. ऑक्टोबरचं कोरडं ऊन यासाठी उत्तम. स्प्रे बाल्कनीत, नाकाला मास्क लावून.

पूर्ण वाळलेलं कामही दमट दिवसांत किंचित चिकट राहतं. फेविकॉल आणि अॅक्रिलिक दोन्हीचा हा स्वभाव आहे. दोन कोलाज तोंडाला तोंड लावून ठेवले तर सप्टेंबरात ते वेगळे करताना एकाचा चेहरा दुसऱ्यावर निघून येतो. मधे नेहमी बटर पेपर, आणि कपाट भिंतीपासून हातभर दूर.

तसबीर करताना काच चित्राला टेकू देऊ नका. माउंटची चौकट किंवा पातळ पट्टी घालून ३–४ मिलिमीटर अंतर ठेवा, नाहीतर ओलीच्या दिवसांत चित्र काचेला चिकटतं. खोलीची जी भिंत इमारतीच्या बाहेरच्या बाजूची असेल, विशेषतः पश्चिमेकडची, तिच्यावर लावू नका. पावसात तिथे आतून ओल येते.

काम विकायचं किंवा छापायचं असेल तर आणखी एक गोष्ट. मासिकातला फोटो कुणाचा तरी असतो. आपल्याकडे छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. घरातल्या भिंतीसाठी कापाकापी केली तर कुणी दारात येत नाही, पण ओळखू येण्याजोगा अख्खा फोटो तसाच ठेवून त्याच्या प्रिंट काढून विकायला गेलात तर अडचण येऊ शकते. अशा कामात स्वतः काढलेले फोटो छापून घेऊन वापरणं बरं, लेझरवर छापा म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या युक्त्यांतल्या निम्म्या चालतील. घासणं आणि चुरगळणं मात्र साध्या कागदावर तसं जमणार नाही. त्यासाठी छापखान्यातून आर्ट पेपरवर प्रिंट काढून आणा आणि तिथेही आधी कोपऱ्यावर चाचणी घ्या, कारण टोनरची शाई मासिकाच्या शाईसारखी वागत नाही.

आणि ऊन. मासिकाची शाई टिकाऊ म्हणून बनवलेली नसते. पिवळा आणि किरमिजी आधी उडतात, निळा आणि काळा मागे राहतात. जुन्या सलूनच्या काचेवर लावलेले केशरचनेचे फोटो आठवा, सगळे निळसर पडलेले असतात ते याचमुळे. तुमच्या बाईचंही दोन-तीन उन्हाळ्यांत तसंच होईल, जर ती खिडकीसमोरच्या भिंतीवर असेल. उजेड कमी येणारा पॅसेज बघा, किंवा काम पूर्ण होताच त्याचा स्कॅन काढून ठेवा, ६०० डीपीआयवर, वार्निशचा हात देण्याआधी.